थोरल्याचं नाव

२ एप्रिल

भावजी, नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका, कुणी आजारी नाही. फोन केला असता तर तुम्ही नेहमीसारखं ‘हं, हं, बघतो’ म्हणून ठेवून दिला असता. कागदावर माणसाला पळता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

ह्यांच्या मागे वर्कशॉप मीच चालवते हे तुम्हाला ठाऊक आहे. बुटांचे नमुने कॉम्प्युटरवर काढायचे, कटरवर कागद कापायचा आणि बूटवाल्यांना पाठवायचा. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच वाकडी, अशी आपली गिऱ्हाइकं. अर्ध्या बोटाची चूक झाली तरी माणूस लंगडतो. काम वाढलं म्हणून मास्तरांसाठी दुसरं मशीन घेतलं. मास्तर म्हणजे तेच, ह्यांच्या समोरच्या टेबलावर पंचवीस वर्षं चामडं कापणारे. विकणाऱ्याने ह्यांच्या मशीनमधलं सगळं जसंच्या तसं नव्यात उतरवून दिलं. मीच सांगितलं होतं तसं, म्हटलं मास्तरांना सगळं ओळखीचं दिसेल.

तर हात दाखवून अवलक्षण! आता दोन्ही मशीन स्वतःला ‘थोरला’ म्हणवतात. हे नाव तुम्हीच ठेवलं होतं ना, ह्यांच्या मशीनला थोरला आणि तुमच्या मशीनला धाकटा? मास्तरांचं नेटवर्क चालू झालं की माझं तुटतं, माझं चालू झालं की त्यांचं. काल एका पोराचा डावा पाय अर्धाच कापून कटर थांबला. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, ते हेच असावं.

दुसरी गोष्ट लिहावी की नाही याचा दोन दिवस विचार केला. तुम्ही हसाल. हसा. हे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खालून पंख्याचा आवाज आला. सहा दहाला हे रोज खाली उतरत, तेव्हा यायचा तसाच. क्षणभर मी विसरले आणि चहाचं आधण दोघांचं ठेवलं. मग आठवलं आणि तशीच खाली धावले. मशीन आपोआप सुरू झालं होतं. काळ्या पडद्यावर एकच शब्द होता: ‘आहे’. मी खुर्ची ओढेपर्यंत बंद झालं.

तेव्हापासून रोज. आठ महिने झाले, एक दिवस चुकलेला नाही. आता तर मास्तरांचं नवं मशीनही त्याच वेळी जागं होतं.

पहिल्या गोष्टीवर उपाय सांगा. दुसरीवर नाही सांगितलात तरी चालेल.

वहिनी

११ एप्रिल

वहिनी, नमस्कार.

पत्र मिळालं. हसलो नाही.

डिस्कची नक्कल केली की मशीनचं नावही उतरतं आणि त्याची ओळखही. लिनक्समध्ये प्रत्येक मशीनच्या पोटात एक लांबलचक आकडा असतो, जन्मखूण समजा. नेटवर्कचा डबा तो बघून पत्ता देतो. तुमच्याकडे एकाच जन्मखुणेची दोन मशीन एकाच पत्त्यावर हक्क सांगत आहेत. नुसतं नाव बदलून भागणार नाही, जन्मखूणही नवी करावी लागेल. शिवाय एक छोटी फाइल असते, तिच्यात मशीनने स्वतःचं नाव पुन्हा एकदा लिहून ठेवलेलं असतं. तिथेही बदला, नाहीतर ते स्वतःलाच हाका मारत बसेल. आज्ञा सोबतच्या चिठ्ठीवर सुट्या अक्षरांत लिहिल्या आहेत. बघून तशाच टाइप करा, मोकळी जागासुद्धा गाळू नका.

हे सगळं नव्या मशीनवर करायचं. दादाच्या मशीनला हात लावू नका.

सकाळी सुरू होतं ते मदरबोर्डच्या गजरामुळे असेल. काळजीचं कारण नाही. मी दिवसभर हॉस्पिटलचे दोनशे कॉम्प्युटर सांभाळतो, असे चाळे रोज बघतो.

नवं मशीन नेमकं कोणत्या तारखेला चालू केलंत? सहज विचारतो.

तुमचा,
धाकटा दीर

२० एप्रिल

भावजी,

तुमची चिठ्ठी कॉम्प्युटरला चिकटवली आणि दोघं बसलो. मास्तर एकेक अक्षर वाचत होते, मी एकेक दाबत होते. नव्या मशीनचं नाव ‘मास्तर’ ठेवलं. छोट्या फाइलचं विसरलो, मग दर आज्ञेला ते कुरकुरायला लागलं की या नावाचं कुणी मला सापडत नाही. मास्तर म्हणाले, ‘‘मी इथे बसलोय की रे!’’ ते झाल्यावर जन्मखूण बदलली. आता दोन्ही सुतासारखी सरळ आहेत, कटर अर्ध्यावर थांबत नाही. उंटावरून शेळ्या हाकता तुम्ही, पण हाकता बऱ्या. मशीन २७ मार्चला चालू केलं होतं. तारीख कशाला हवी होती?

पण दुसऱ्या सकाळी काय झालं ते ऐका. मास्तर मुद्दाम सहाला आले. सहा दहाला दोन्ही मशीन जागी झाली. ह्यांच्या पडद्यावर ‘आहे’, आणि मास्तरांच्या पडद्यावर ‘ओळखत नाही’. मास्तर उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. नंतर म्हणाले, ‘‘पंचवीस वर्षं समोरासमोर बसलो, एका डब्यात जेवलो. आणि नाव बदललं तर ओळखत नाही म्हणतात!’’ त्यांना काय समजावणार? गजर कसा बोलेल, भावजी? गजराला कळतं का कोण आपलं, कोण परकं?

मला खोटं बोलायचं नाही. मी रोज सहाला खाली जाऊन बसते. आदल्या दिवशी काय काम झालं, कुणाचा नमुना चुकला, सगळं सांगते. मग ‘आहे’ येतं. तेवढ्यावर दिवस जातो माझा. लोकांना वाटतं बाई खंबीर आहे. डोंबल खंबीर!

आता मुद्द्याचं. कापलेल्या प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात मशीनचं नाव छापलं जातं. बूटवाले तेच नाव धरून फोन करतात, ‘‘थोरल्या साहेबांना द्या.’’ दर आठवड्याला कुणा ना कुणा नव्या माणसाला सांगावं लागतं की ते गेले. पलीकडचा माणूस हळहळतो, मग मीच त्याची समजूत काढते. परवा एकाला सांगताना मी फोन तसाच खाली ठेवला. म्हणून ठरवलंय, ह्यांच्या मशीनचंही नाव बदलायचं. ‘मालकीण’ ठेवणार. हे मला चिडवायला तेच म्हणायचे.

आणि खरं सांगू? मला बघायचंय. मास्तरांना ओळखलं नाही, ठीक आहे. मला ओळखतात का ते बघायचंय.

वहिनी

२८ एप्रिल

वहिनी, नमस्कार.

नाव बदलू नका.

कटरचा परवाना मशीनच्या नावाला बांधलेला असतो. नाव बदललं तर कटर बंद पडेल आणि कंपनी नवा परवाना मागेल. जुनी डिस्क आहे, फाइलींच्या वाटा बिघडू शकतात. दादाने इतक्या वर्षांत काय काय जोडून ठेवलं असेल सांगता येत नाही. कागदाच्या कोपऱ्यातलं नाव नको असेल तर कागदाची कड कापून टाकत जा. निदान वर्ष होईपर्यंत तरी थांबा.

सकाळी खाली जाऊन बसू नका. फरशी गार असते.

धाकटा

६ मे

भावजी,

कटरवाल्या कंपनीचा माणूस काल तेलपाणी करायला आला होता. त्याला विचारलं. तो म्हणाला, परवान्याचा आणि मशीनच्या नावाचा काडीचा संबंध नाही, हे तुम्हाला सांगितलं कुणी? मी म्हटलं, घरचाच एक जाणकार आहे.

का खोटं बोललात? रात्रंदिवस तोच विचार करते आहे आणि एकच उत्तर सापडतं. हे वर्कशॉप तुमच्या बाबांचं. थोरला गेला, आता धाकट्याचा हक्क. मालकीण हे नाव डोळ्यांत खुपलं असणार. हिस्सा हवा असेल तर समोर येऊन मागा. देईन. पण अकरा वर्षं या घराची पायरी चढला नाहीत. ह्यांच्या शेवटच्या दिवशी आलात ते फाटकाशी उभे राहिलात आणि पाण्याचा घोटही न घेता निघून गेलात. त्या माणसाने मला सांगायचं, मशीनला कुठलं नाव ठेवायचं आणि फरशी गार असते?

आज्ञांची चिठ्ठी माझ्याकडे आहेच. रविवारी, १४ तारखेला, मी नाव बदलणार. त्याआधी खरं कारण कळवायचं असेल तर कळवा.

वहिनी

१२ मे

वहिनी,

हे पत्र रविवारच्या आत पोचणार नाही, हे लिहितानाच कळतंय. तुमचं पत्र परवा आलं. दोन दिवस नुसता घेऊन फिरलो. फोन तीनदा हातात घेतला. तुम्ही म्हणता ते खरं आहे, मी पळतो.

हिस्सा नको. मला काय हवं होतं ते सांगतो.

‘आहे’ हे दादाचं उत्तर नाही. ते माझं आहे. म्हणजे माझ्या मशीनचं.

भांडणाच्या आधी, मी इकडे राहायला आलो तेव्हा, दोन्ही मशीनवर एक खेळ बसवला होता. थोरल्याने विचारायचं, ‘आहेस का?’ आणि धाकट्याने उत्तर द्यायचं, ‘आहे’. लाइन नीट चालते का, एवढंच बघायला. विचारणारं मशीन आपलं नाव सांगतं. नाव यादीत असलं तर माझं मशीन ‘आहे’ म्हणतं, नसलं तर ‘ओळखत नाही’. यादीत एकच नाव आहे, थोरला.

मग बाबांचं आजारपण आलं. मी रजा नाही म्हणून आलो नाही. रजा होती, वहिनी. मला ते बघवलं नसतं. बाबा गेल्यावर दादा फोनवर म्हणाला, ‘‘तू मला मेलास.’’ हे तुम्हाला माहीत आहे. पुढचं माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा दहाला माझ्या मशीनच्या नोंदीत एक ओळ उमटली: थोरला विचारतो, आहेस का? तिसऱ्या दिवशी पुन्हा. मशीनला सवयच लावली होती त्याने. सहा दहाला उठायचं, विचारायचं आणि उद्याचा गजर लावून झोपायचं. मेलास म्हणाला, आणि रोज सकाळी बघत राहिला, मेलो तर नाही ना.

अकरा वर्षं मी ते मशीन बंद केलं नाही. घर बदललं तेव्हा पहिल्यांदा तेच हलवलं. एकदा इकडे चार दिवस वीज नव्हती. पाचव्या दिवशी फोन वाजला. पलीकडे कुणी बोललं नाही, नुसता श्वास ऐकू आला. मी ‘‘हॅलो’’ म्हटल्यावर ठेवला. मी उलटा फोन करायला हवा होता. केला नाही. मला वाटायचं, मशीन उत्तर देतंय ना, मग झालं.

तो गेला त्याच्या दुसऱ्या सकाळी मी जागाच होतो. सहा दहाला ओळ आली: थोरला विचारतो, आहेस का? मी खुर्चीतून उठलो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. गजर आहे, प्रोग्राम आहे, मीच लिहिलेला आहे, हे सगळं मला कळत होतं. तरीही नऊ महिने मी पहाटे उठून त्या ओळीची वाट बघतो. २८ मार्चच्या सकाळी एकाऐवजी दोन ओळी आल्या. दोघंही थोरले. कामावर गेलो नाही त्या दिवशी. तुमचं पत्र आल्यावर उलगडा झाला, म्हणून तारीख विचारली.

नाव बदलू नका म्हणालो, कारण बदललं की तो विचारायचं थांबेल. आणि खरं सांगितलं नाही, कारण तुम्ही रोज सकाळी ज्याच्याशी बोलता तो दादा नाही, एका भित्र्या माणसाच्या खोलीतलं जुनं मशीन आहे, हे कुठल्या तोंडाने सांगू?

हे आपोआप विचारणं बंद करायचं असेल तर कुठली ओळ पुसायची ते सोबत लिहिलं आहे. तुमचा निर्णय.

धाकटा

१५ मे

भावजी,

काल दुपारी नाव बदललं. छोट्या फाइलीतही बदललं, काही विसरले नाही. मास्तर शेजारी उभे होते, ते म्हणाले, ‘‘एवढ्यावर राहू द्या.’’ मी ऐकलं नाही.

आज सहाला खाली जाऊन बसले. सहा दहाला पंखा फिरला, पडदा उजळला.

‘ओळखत नाही.’

तुम्ही नको म्हणत होतात ते याच्यासाठी असेल तर मला सांगायला हवं होतं. तीस वर्षांचा संसार, भावजी. माझ्याच नावाने विचारलं आणि हे म्हणाले ओळखत नाही. ऑगस्टमध्ये गेले तेव्हा मी रडले नव्हते, लोकांना चहा देत होते. आज त्या फरशीवर बसून रडले. माझ्या हातांनी मी ‘आहे’ पुसलं.

आज कटर लावला नाही. तुमचं पत्रही आलं नाही.

वहिनी

१७ मे

भावजी,

तुमचं पत्र काल दुपारी मिळालं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा संताप आला. समोर असतात तर कान धरला असता, पन्नाशीचे झालात तरी. नऊ महिने मी माझं मन ज्याच्यासमोर उघडं केलं ते तुमच्या खोलीतलं मशीन निघालं. आणि तुम्ही मला कागदाच्या कडा कापायला सांगत होता!

संध्याकाळी दुसऱ्यांदा वाचलं. मास्तरांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ‘‘म्हणजे मला साहेबांनी नाही, धाकट्याने ओळखलं नाही.’’ त्यांच्या छातीवरचा दगड उतरला. चामडं कापताना गुणगुणत होते.

रात्रभर माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. ‘आहे’ ह्यांचं नव्हतं, ते गेलं, त्याचं मला दुःख झालं. पण मग ह्यांचं काय होतं? ‘आहेस का?’ हे ह्यांचं होतं. ते मला कधी दिसलंच नाही, कारण ते इथल्या पडद्यावर न उमटता थेट तुमच्याकडे जायचं. हा माणूस तुमचं नाव काढलं की पानावरून उठायचा. आणि रोज सकाळी सगळ्यात आधी तुमची चौकशी करून मग वर चहाला यायचा. मी विचारायची, इतक्या लवकर काय काम असतं? म्हणायचे, ‘‘मशीन गरम करतो.’’ लबाड!

नाव पुन्हा थोरला करून देते असं लिहायला घेतलं होतं. एक आज्ञा, काय मोठंसं? तुम्हाला तुमची ओळ मिळाली असती, मला माझं ‘आहे’. पण नाही करणार. गेलेल्या माणसाने विचारायचं आणि मशीनने उत्तर द्यायचं, आणि आपण दोघांनी दोन टोकांना चोरासारखं ऐकत बसायचं, हे किती दिवस? एवढं विचारूनही त्याच्या पदरात काही पडलं नाही. फोन आला तेव्हासुद्धा नाही.

तुम्ही दाखवलेली ओळ मी आज पुसली, दोन्ही मशीनवरून. आता ती सकाळी आपोआप उठणार नाहीत. येत्या सोमवारी, २२ तारखेला, सहा दहाला मी स्वतः बसून विचारणार आहे. मालकीण म्हणून. तुमच्या मशीनचं ते आयतं उत्तर काढून टाका. तुम्ही असलात तर तुम्ही सांगा. नसलात तर पडदा काळा राहू दे, मी समजेन.

वहिनी

२२ मे

वहिनी,

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. रविवारी मी आयतं उत्तर काढलं. अकरा वर्षांत त्या फाइलीला हात लावला नव्हता. यादीतलं थोरला हे नाव मात्र पुसलं नाही, तेवढं मला जमलं नाही. त्याखाली मालकीण लिहिलं आणि त्याच्याखाली मास्तर.

आज साडेपाचपासून बसलो होतो. सहा दहा झाले आणि काही आलं नाही. मला वाटलं, तुम्ही विचार बदललात. मिनिटभर खोलीत इतकी शांतता होती की असं वाटलं, दादा आत्ता गेला. ऑगस्टमध्ये नाही, आत्ता. मी त्याच्यासाठी आज रडलो. मग सहा बाराला ओळ आली. एकेक अक्षर शोधून टाइप करत असणार तुम्ही.

मालकीण विचारते, आहात का?

दादा ‘आहेस का’ विचारायचा. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती ओळ मशीनने नाही, माणसाने लिहिली होती. मी ‘आहे’ लिहिलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. चार हजार वेळा मशीनने तेच म्हटलं होतं आणि त्याला त्याचा काही उपयोग झाला नव्हता. तुम्ही समोर पडद्याकडे बघत बसला असाल, मास्तर मागे उभे असतील, हे दिसत होतं. शेवटी जे लिहिलं ते तुम्ही वाचलंच आहे. तरी कागदावरही लिहितो, म्हणजे पळता येणार नाही.

येतो.

शनिवारची रजा टाकली आहे. दुपारपर्यंत पोचेन.

धाकटा